देह एकाचा, किल्ली कोणाची?

वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे. ग्रंथ आणि नियतकालिके जमवणे, त्यांच्या सूची करणे हे त्याचे मूळ काम. १९८०च्या दशकात या ग्रंथालयाने ठरवले, की यापुढे चित्रांचाही संग्रह करायचा आणि संगणकांच्या जाळ्यावरून तो सर्वांना वापरू द्यायचा. त्यातूनच ‘व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट’ उभा राहिला. १९९१ मध्ये हे काम कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपवण्यात आले. तेथील व्हिक्टर स्पिट्झर आणि डेव्हिड व्हिटलॉक यांनी एक संपूर्ण पुरुषदेह गोठवला, तो एकेक मिलिमीटर खरवडत नेला आणि दर वेळी उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेतले. अशी १,८७१ छायाचित्रे झाली. त्याच देहाच्या सीटी आणि एमआरआय प्रतिमाही सोबत होत्या. सुमारे १५ गिगाबाइटचा हा संग्रह नोव्हेंबर १९९४ मध्ये खुला झाला. पुढच्या वर्षी एका ५९ वर्षांच्या स्त्रीच्या देहाचा संग्रह आला. त्यातले थर एक तृतीयांश मिलिमीटरचे होते, त्यामुळे छायाचित्रांची संख्या पाच हजारांवर गेली.

आज १५ गिगाबाइट खिशातल्या फोनमध्ये मावतात. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या मोडेमवर एवढा मजकूर उतरवून घ्यायला, अखंड चालू ठेवूनही, दीड महिना लागला असता. म्हणजे पहिला पहारा तंत्रज्ञानाचाच होता. दुसरा ग्रंथालयाने बसवला. संग्रहासाठी पैसे नव्हते, पण परवान्याचा करार करावा लागे आणि आपण तो कशासाठी वापरणार, हे लिहून द्यावे लागे. साठांहून अधिक देशांतल्या लोकांनी असे परवाने घेतले. त्यातून शरीररचनेचे नकाशासंग्रह निघाले, शस्त्रक्रियेचा सराव करून घेणाऱ्या आज्ञावली झाल्या. जिथे विच्छेदनासाठी मृतदेह मिळणे कठीण, तिथल्या विद्यार्थ्यालाही मूत्रपिंडाच्या मागे नेमके काय असते, हे पाहता आले. हा लाभ लहान नाही.

या दारावर विचारले जाणारे प्रश्न मात्र सगळे पाहणाऱ्याला उद्देशून होते : तू कोण, तुला हे कशाला हवे? ज्याला पाहायचे, त्याच्याविषयी दार काही विचारत नव्हते.

तो पुरुष होता जोसेफ पॉल जर्निगन. चोरीच्या वेळी केलेल्या खुनाबद्दल त्याला टेक्सासमध्ये मृत्युदंड झाला आणि ५ ऑगस्ट १९९३ रोजी विषारी इंजेक्शनने तो अमलात आला. त्याआधी त्याने देहदानाला संमती दिली होती. पण ती विज्ञानाला देह देण्याची संमती होती. आपल्या देहाचे थर जगभरच्या पडद्यांवर दिसत राहतील, हे त्याला ठाऊक नव्हते. मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या कैद्याची संमती कितपत मोकळी मानायची, हाही प्रश्न उरतोच. स्त्रीचे नाव गुप्त राहिले, त्याचे मात्र वृत्तपत्रांतून झाले.

शरीरशास्त्राच्या इतिहासात हे नवे नाही. इंग्लंडमध्ये १७५२ पासून लागू झालेल्या कायद्यात खुन्याला फाशीनंतर पुरायचे नाही, त्याचे विच्छेदन करायचे किंवा देह साखळदंडात टांगायचा, अशी तरतूद होती. विच्छेदन हा शिक्षेचाच भाग होता. १८३२च्या कायद्याने ही शिक्षा काढली आणि अनाथालयांत व रुग्णालयांत मरणाऱ्या बेवारस गरिबांचे देह विच्छेदनाच्या टेबलावर आणले. आपल्याकडचा १९४९चा मुंबईचा कायदा याच वाटेने आला. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय त्याने केली. गुन्हेगार असो वा बेवारस, ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याच्याच देहावर शिक्षण चालले. स्वेच्छेच्या देहदानाने हे चित्र बदलू लागले, ते फार उशिरा.

चित्रसंग्रहाने या जुन्या प्रश्नात एक भर घातली. विच्छेदन झालेल्या देहाला कधीतरी अग्नी वा माती मिळते. प्रतिमेला ती मिळत नाही. एकदा प्रत निघाली, की परत मागवता येत नाही.

जुलै २०१९ मध्ये ग्रंथालयाने परवान्याची अट काढून टाकली. आता कोणीही हा संग्रह सरळ घेऊ शकतो. पंचवीस वर्षांत एवढ्या हातांत गेलेल्या वस्तूला कुलूप घालून फारसे साधणार नव्हते, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण परवान्याबरोबर एक नोंदवहीही मिटली. हा देह कोण, कशासाठी वापरतो, हे लिहून ठेवणारी ती वही होती.

आज कोणत्याही महाविद्यालयात असा संग्रह उभारताना पासवर्ड कोणाला द्यायचा, यावर बैठका होतील. त्याआधी देहदानाचा अर्ज उघडून पाहायला हवा. देह देणे आणि देहाची प्रतिमा देणे, या दोन वेगळ्या संमती आहेत. प्रतिमा वर्गात दाखवायची की जगभर, किती काळ, चेहरा ओळखू येईल की नाही, हे त्या अर्जावर जिवंतपणीच विचारावे लागेल. नंतर विचारायला कोणी उरत नाही.