खासगी कोणाची?

इंदूरच्या मंडळींना ‘खासगी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून मिळालेली जहागीर ‘खासगी’ म्हणून ओळखली जाई. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली आणि तिच्या उत्पन्नातून देशभर घाट, मंदिरे, धर्मशाळा उभ्या राहिल्या. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. आज आपण ‘खासगी बाब’ म्हणतो तो हाच शब्द. मात्र तेव्हा खासगी राजघराण्याची असे. सामान्य माणसालाही खासगी असते आणि सरकारने तिच्यात मनमानी हात घालू नये, हे आपल्या देशात निःसंदिग्धपणे मान्य व्हायला २०१७ साल उजाडले. त्या वाटचालीची ही थोडक्यात हकिकत.

आपण मुलखापासून दूर स्थायिक झालेली माणसे. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील घरे पुण्या-साताऱ्याशी पत्रांनी जोडलेली होती. कार्डावर काय लिहायचे आणि पाकिटात काय घालायचे, हे घरात सर्वांना ठाऊक असे. सुखरूप पोहोचल्याची खबर, मुंजीची तिथी कार्डावर. सासरचे दुखणे, कर्जाची गोष्ट बंद पाकिटात. कार्ड पोस्टमनने वाचले तर कोणाची तक्रार नसे. पाकीट फोडलेले दिसले तर मात्र घर अस्वस्थ होई. खासगीपणाचा कायदा माहीत नसला तरी त्याची जाण आपल्याकडे होती ती अशी.

इंग्रज सरकारने पाकीट फोडण्याची सोय मात्र कायद्यातच करून ठेवली होती. १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५ आणि १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम २६ यांनुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी तार वा पत्र अडवता येई. इंग्रज गेले, हे कायदे राहिले.

घटना लिहिली जात असताना ही चूक सुधारण्याची संधी आली होती. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे कन्हैयालाल मुनशी यांनी पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मांडला. अंतिम मसुद्यात तो उरला नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती सुचवली, की नागरिकाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांची अवाजवी झडती होऊ नये. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे व्यक्तिस्वातंत्र्याच्या हिताचे, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही दुरुस्ती अखेर फेटाळली गेली.

त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडले आणि पुराव्याअभावी सोडले. तरी पोलिसांच्या वहीत त्यांचे नाव राहिले, आणि शिपाई अपरात्री येऊन दार ठोठावू लागले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या. मात्र खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. १९७५ मध्ये मध्य प्रदेशातून गोविंद यांचा खटला आला. खासगीपणाचा हक्क असू शकतो, असे न्यायालयाने गृहीत धरले, पण पोलिसांच्या पाळतीचे नियम कायम ठेवले.

१९९६ मध्ये दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग ठरला. ते चोरून ऐकण्यासाठी गृहसचिवांचा आदेश हवा, आदेशाला मुदत हवी आणि फेरतपासणीसाठी समिती हवी, अशा अटी आल्या. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याला मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय हवा, असे ठरले. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा निर्णय चूक ठरवला. १९७६ मध्ये तो देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एका मराठी घराण्यातल्या या दोन पिढ्यांमध्ये देशाने किती अंतर कापले, ते यावरून दिसते.

मग आता काळजी कशाची? पूर्वी पाळत ठेवायला माणूस लागे. शिपायाला रात्रभर कोणाच्या तरी दाराशी उभे राहावे लागे, म्हणून पाळत मोजक्यांवर असे. आता फोन, कॅमेरे, बँकेचे व्यवहार आणि ओळखक्रमांक यांच्या नोंदी आपोआप साठतात. आधी संशय, मग पाळत, हा क्रम उलटून आधी सर्वांच्या नोंदी आणि मग त्यांत संशयिताचा शोध, अशी स्थिती येऊ लागली आहे. ‘मी काही गैर केलेले नाही, मला काय भीती?’ असे आपण म्हणतो. खरक सिंगांवरही काही सिद्ध झाले नव्हते.

दहशतवाद, फसवणूक, दंगल यांचा तपास सरकारने केलाच पाहिजे. त्यासाठी कधी फोन ऐकावाही लागेल. प्रश्न परवानगीचा आहे. १९९६ च्या व्यवस्थेत आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी तेव्हा आवश्यक मानली गेली नाही. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, तरी पत्र अडवण्याचा अधिकार त्यातही आहे. दौलतीच्या कारकुनाने खासगीचा पेटारा उघडायचा आणि तो योग्य रीतीने उघडला की नाही हेही दुसऱ्या कारकुनाने ठरवायचे, अशी ही रीत आहे. २०१७ च्या निकालाने आपल्याला हक्क दिला. पेटाऱ्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हे मात्र अजून आपल्यालाच विचारत राहायचे आहे.