पट विखुरले, डायऱ्या उरल्या

नवा खेळ कसा जन्माला येतो? एखाद्या हुशार माणसाला एका रात्रीत तो सुचतो, असे आपल्याला वाटते. सिड सॅक्सन (१९२०–२००२) यांच्या डायऱ्या मात्र वेगळेच सांगतात.

सॅक्सन हे न्यूयॉर्कचे स्थापत्य अभियंते. दिवसा नोकरी, संध्याकाळी पटावरचे खेळ. १९६३ पासून ते डायरी लिहू लागले. कोणाचा फोन आला, कोणाला पत्र धाडले, कोणाबरोबर कोणता खेळ खेळून पाहिला, याच्या त्या नोंदी. १९६९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मित्रांचे खेळही छापले, ज्याचे त्याचे नाव देऊन.

त्यांचा 'कान्ट स्टॉप' (१९८०) पाहा. चार फासे टाकून त्यांच्या दोन जोड्या लावायच्या आणि बेरजेप्रमाणे पुढे सरकायचे. २ ही बेरीज क्वचित जमते, म्हणून तिच्या रांगेत ३ घरे. ७ वारंवार जमते, म्हणून तिथे १३. संभाव्यतेचा धडाच पटावर मांडलेला!

सॅक्सन यांच्या संग्रहात सुमारे १८,००० खेळ होते. ते लिलावात विकले गेले, जगभर विखुरले. डायऱ्या मात्र रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' संग्रहालयात एकत्र आहेत. खेळ घडला कसा, हे त्या सांगतात.

आपल्या प्रयोगवहीत बहुधा फक्त बरोबर आलेले उत्तर असते. वर्गात मुलांना एखादा खेळ रचायला सांगा आणि सोबत वहीही ठेवायला लावा: कोणता नियम फसला, का फसला, दुरुस्ती कोणी सुचवली. खरे विज्ञान त्या वहीत सापडेल.