वेल्श केक : तवा जुना, बेदाणा नवा

वेल्श केक हा नावापुरताच केक; त्याला ओव्हन लागत नाही. मैदा, लोणी, साखर, अंडे आणि बारीक काळे बेदाणे यांचा गोळा लाटून, चकत्या पाडून, जाड बिडाच्या तव्यावर तो भाजतात. वेल्श भाषेत याला 'पिके आर अ माइन', म्हणजे दगडावरचे केक, म्हणतात. तवा लोखंडाचा झाला, तरी नावातला दगड हललेला नाही.

या दगडामुळेच पदार्थाला थेट प्राचीन केल्टिक काळात नेण्याचा मोह होतो. तव्यापुरते ते खरे असू शकते. 1188 मध्ये वेल्समध्ये फिरलेल्या जेराल्ड या धर्मगुरूने तिथल्या रोज भाजल्या जाणाऱ्या पातळ, रुंद भाकरीची नोंद केली आहे. लोक तिच्यावरच कालवण वाढून घेत. डोंगराळ भागातल्या गरीब घरांत भट्टी नसे. चुलीवरचा तवा हेच भाजण्याचे साधन. पण त्या भाकरीत ना साखर, ना लोणी, ना बेदाणा. भाकरीची परंपरा दाखवून केकचे वय ठरवता येत नाही.

खरा धागा बेदाण्यात आहे. बेदाणा वेल्सचा नाही. तो ग्रीसचा, पेलोपोनीजच्या किनाऱ्यावरचा आणि झाकिंथोस बेटावरचा. कोरिंथ शहरावरूनच इंग्रजीत त्याला 'करंट' नाव पडले. तो ब्रिटनमध्ये मध्ययुगापासून येत होता, पण सणासुदीचा जिन्नस म्हणून. 1874 मध्ये साखरेवरची जकात उठली. 1890 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज गोशेन यांनी बेदाण्यावरची जकात हंड्रेडवेटला (सुमारे 51 किलो) सात शिलिंगांवरून दोनवर आणली आणि त्याच अर्थसंकल्पात चहावरचीही उतरवली. चहा आणि चहाबरोबरचा केक एकाच सहीने स्वस्त झाले.

यावर हिशेबी आक्षेप असा, की पौंडामागे हा फरक जेमतेम अर्ध्या पेनीचा. तेवढ्याने स्वयंपाकघर बदलत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा. फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा फ्रेंचांनी वाइनसाठी ग्रीक बेदाणा उचलला. त्या भरवशावर ग्रीकांनी बागा वाढवत नेल्या. पुढे फ्रेंच बागा सावरल्या, फ्रान्सने आयातकर वाढवला आणि 1893 मध्ये बेदाण्याचा भाव कोसळला. त्याच वर्षी ग्रीस दिवाळखोर झाला. पडून राहिलेल्या मालाला ब्रिटन हेच मोठे गिऱ्हाईक होते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. इंग्लंडच्या ईशान्येला 'सिंगिंग हिनी' नावाचा असाच तव्यावरचा, बेदाण्याचा केक आहे आणि त्याचा उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सापडतो. म्हणजे जकात उतरण्याआधीही असा केक होत होताच. मात्र तोही कोळसा खाणींचाच मुलूख, हा योगायोग नसावा. स्वस्त बेदाण्याने हा केक जन्माला घातला नाही. सणाचा पदार्थ रोजच्या डब्यात आणला, एवढेच म्हणता येते. तो डबा दक्षिण वेल्सच्या खाणकामगाराचा. 1851 मध्ये जेमतेम एक-दोन हजार वस्तीचे तिथले ऱ्होंडा खोरे 1911 पर्यंत दीड लाखांवर गेले होते. खाणकामगारांच्या पत्र्याच्या 'टॉमी बॉक्स'मध्ये ओघळणारे काही चालत नसे; हा केक खिशातही मोडत नाही. केक हलका करणारे, सोडा मिसळून तयार मिळणारे पीठ तर खाडीपलीकडच्या ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने 1845 मध्येच पेटंट केले होते.

घरी करण्याची रीत फारशी बदललेली नाही. 225 ग्रॅम सोडामिश्रित मैद्यात 110 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करतात. जुन्या घरांत अर्धे लोणी, अर्धी डुकराची चरबी असे. मग प्रत्येकी 80 ग्रॅम साखर व बेदाणे, चिमूटभर जायपत्री आणि एक अंडे. मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. मळले की केक चिवट होतो. अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जाड पोळी लाटून चकत्या पाडाव्यात आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजाव्यात. तवा जास्त तापला की साखर बाहेरून करपते आणि केक पोटात कच्चा राहतो. गरम असतानाच वर साखर भुरभुरतात.

तासगावचा बेदाणा वापरायचा असेल तर चिरून घ्यावा. तो कोरिंथच्या बेदाण्यापेक्षा मोठा आणि गोड असतो. चकतीबाहेर डोकावला की तव्याला टेकून जळतो आणि कडू लागतो.