कॅस्पिर
सुरुंगरोधी चिलखती वाहन. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेत विकसित झाले. नामिबियाच्या सीमायुद्धात वापरले गेले. याचे खरे वैशिष्ट्य तळात आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता, जमिनीपासून उंच असलेला पोलादी तळ स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवतो. सपाट तळ तोच झोत थेट अंगावर घेतो. चाकाखाली सुमारे २१ किलो टीएनटीइतका स्फोट झाला, तरी आतील माणसे वाचावीत असा हा आराखडा आहे. चाक किंवा आस तुटली, तर बदलता येते. उंचीमुळे मात्र वाहन उलटण्याचा धोका वाढतो. वर्णभेदी राजवटीने हेच वाहन कृष्णवर्णीय वस्त्यांतील आंदोलकांवरही घातले, हे विसरता येत नाही. भारतीय सेनेने ते काश्मीरमध्ये वापरले.