मुलगा की मुलगी? उत्तर सापडलं पिठातल्या अळीत

मुलगा होणार की मुलगी, हे ठरवतं कोण? या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाला सापडून एकशे वीस वर्षं होऊन गेली. तरीही आमच्या गटांच्या बैठकांत हा विषय निघाला, की तेच ऐकू येतं. कुणाला तिसरी मुलगी झाली म्हणून सासरी बोल लावतात, कुणाच्या नवऱ्याला दुसरं लग्न कर म्हणून सुचवतात, कुणाला गावोगावच्या जडीबुटी खायला घालतात. दोष प्रत्येक वेळी बाईच्याच पदरात. म्हणून आज आपण या उत्तराचा इतिहास समजून घेऊ. त्यात एक शाळामास्तरीण आहे आणि पिठातली एक अळी आहे.

आधी लोक काय मानायचे ते पाहू. जुन्या ग्रीस देशातला थोर विचारवंत ॲरिस्टॉटल म्हणायचा की हा सगळा शरीरातल्या उष्णतेचा खेळ आहे. ऊब पुरेशी मिळाली तर मुलगा, कमी पडली तर मुलगी. पुढे दोन हजार वर्षं गेली तरी एकोणिसाव्या शतकातले बरेच विद्वान म्हणत होते की आईचा आहार आणि हवामान यांवर ते ठरतं. आपल्याकडे बाईला शेत म्हणतात आणि पुरुषाला बीज पेरणारा. आता तुम्हीच सांगा, आपण सगळ्या शेतीतल्या बाया आहोत. बाजरी पेरली आणि ज्वारी का उगवली नाही म्हणून जमिनीला कुणी शिव्या देतं का? पण इथे मात्र पेरणारा मोकळा आणि जमिनीवर ठपका.

शेत आणि बीज ही गोष्टही अर्धीच खरी आहे. १८२७ साली कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाने कुत्रीच्या शरीरातलं स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बाई नुसती जमीन नाही, तिचंही बीज असतं, हे दिसलं. १८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी समुद्रातल्या एका जीवात स्त्रीबीज आणि शुक्राणू एक होताना पाहिले. आईकडून एक वाटा, बापाकडून एक वाटा, आणि दोन्ही मिळून नवा जीव.

त्याच सुमारास ग्रेगोर मेंडेल नावाचे एक धर्मगुरू मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून मोजदाद करत होते. उंची, फुलाचा रंग, दाण्याचा आकार असे गुण पुढच्या पिढीत ठराविक हिशेबाने उतरतात, हे त्यांनी १८६६ साली छापलं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९०० साली ते काम पुन्हा उजेडात आलं आणि सगळे विचारू लागले की हे गुण शरीरात असतात तरी कुठे?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशीच्या आत, तिच्या केंद्रात, बारीक धाग्यांसारख्या वस्तू असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. सूत्र म्हणजे धागा, गुणांचा धागा. मण्यांची पोत डोळ्यापुढे आणा. पोत म्हणजे गुणसूत्र, आणि त्यावरचा एकेक मणी म्हणजे जनुक. डोळ्यांचा रंग, रक्तगट अशा गोष्टी या जनुकांमधून उतरतात. गुणसूत्रं जोडीने असतात. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं.

आता आपल्या शाळामास्तरणीकडे येऊ. त्यांचं नाव नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १८६१ साली एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. त्या काळी शिकलेल्या मुलीला शिक्षिका होण्यापलीकडे फारशी वाट नव्हती. नेटीबाईंनी शाळेत शिकवलं, ग्रंथालयात काम केलं आणि पै-पै साठवली. त्या साठवणीवर त्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८९६ साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेल्या. आपल्याकडे पस्तिशीत बाई सासू होण्याच्या तयारीला लागते. १९०३ साली त्यांनी ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून डॉक्टरेट मिळवली. संशोधन करायचं तर पोटापाण्याची सोय हवी. त्यांनी कार्नेगी संस्थेकडे अर्ज केला. त्यांचे शिक्षक थॉमस हंट मॉर्गन यांनी शिफारस करताना कळवलं की बारा वर्षांत इतकी सक्षम आणि स्वतंत्रपणे काम करणारी विद्यार्थिनी आपल्याला मिळाली नाही. मदत मंजूर झाली.

मग नेटीबाईंनी अभ्यासाला काय घेतलं? पिठात वाढणारी पिवळसर अळी, जिचा पुढे काळा भुंगेरा होतो. जी अळी दिसली की आपण पीठ चाळून फेकून देतो, तिच्या शरीरातल्या पेशी त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा म्हणजे गुणसूत्रं उठून दिसतात, मग ती एकेक करून मोजायची आणि चित्र काढायचं. तांदूळ निवडण्यापेक्षाही किचकट काम. नजर आणि धीर दोन्ही लागतात.

मोजता मोजता त्यांना एक फरक दिसला. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी छोटं. बीज तयार होताना गुणसूत्रांची निम्मी वाटणी होते. त्यामुळे मादीच्या प्रत्येक बीजात दहा मोठी गुणसूत्रं येत होती, सगळी बीजं सारखी. नराचे शुक्राणू मात्र दोन प्रकारचे होते. निम्म्यांत दहा मोठी, आणि निम्म्यांत नऊ मोठी व एक छोटं. दहा मोठी असलेला शुक्राणू स्त्रीबीजाला मिळाला तर मादी, छोटं असलेला मिळाला तर नर. १९०५ साली नेटीबाईंनी हे छापलं. उष्णता नाही, आहार नाही. फरक नराच्या बीजात होता.

त्याच वर्षी एडमंड विल्सन नावाच्या नामवंत प्राध्यापकांनीही दुसऱ्या कीटकांवर काम करून स्वतंत्रपणे अशीच गोष्ट मांडली. ते मोठ्या विद्यापीठातले, नावाजलेले. त्यामुळे पुढे बरीच वर्षं पुस्तकांत त्यांचं आणि मॉर्गन यांचं नाव ठळक राहिलं, नेटीबाईंचं मागे पडलं. नेटीबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी कितीतरी जातींचे भुंगेरे आणि माश्या तपासल्या. ब्रिन मॉरमध्ये खास त्यांच्यासाठी संशोधनाची प्राध्यापकी निर्माण झाली, पण ती सांभाळण्याआधीच १९१२ साली स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय अवघं पन्नास. डॉक्टरेट मिळाल्यापासून जेमतेम नऊ वर्षं त्यांना मिळाली होती.

आता तुम्ही म्हणाल, ही तर अळीची गोष्ट झाली, माणसाचं काय? माणसाची गुणसूत्रं मोजायला फार वेळ लागला. बरीच वर्षं ती अठ्ठेचाळीस मानली जायची. १९५६ साली स्वीडनमध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजून दाखवलं की ती शेहेचाळीस आहेत, म्हणजे तेवीस जोड्या. त्यातली एक जोडी लिंगाची. बाईत दोन्ही मोठी, त्यांना एक्स म्हणतात. पुरुषात एक एक्स आणि एक छोटं, त्याला वाय म्हणतात. १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्स या शास्त्रज्ञ बाईंनी आणि जॉन स्ट्राँग यांनी दोन एक्स आणि एक वाय असलेला पुरुष तपासला. दोन एक्स असूनही तो पुरुष होता, याचा अर्थ माणसात वाय असला की मुलगा घडतो. १९९० साली लंडनच्या शास्त्रज्ञांना वायवरचं ते नेमकं जनुक सापडलं. गर्भ पहिले साधारण सहा आठवडे मुलगा-मुलगी दोघांचा सारखाच वाढतो. मग हे जनुक जागं झालं तर वाढीची वाट बदलते.

हे घरच्यांना समजवायला आम्ही बैठकीत वाटीचा खेळ घेतो. तुम्हीही घेऊन बघा. दोन वाट्या घ्या. आईच्या वाटीत नुसते हरभरे घाला. बापाच्या वाटीत निम्मे हरभरे आणि निम्मे तुरीचे दाणे घाला. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचला. दोन हरभरे आले तर मुलगी, हरभरा आणि तूर आली तर मुलगा. दाणे परत वाटीत टाकून पुन्हा उचला. सलग तीनदा हरभरेच येतात की नाही ते पाहा. येतात, बऱ्याचदा येतात. आईच्या वाटीत तूर नाहीच, मग ती देणार कुठून?

या खेळातून आणखी तीन गोष्टी कळतात. एक, दर वेळी डाव नवा असतो. आधी दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलाची शक्यता वाढतही नाही, कमीही होत नाही. दोन, प्रत्येक मुलाला त्याचा एक्स आईकडूनच मिळालेला असतो. वंशाचा दिवा म्हणून ज्याला मिरवतात, त्याच्या प्रत्येक पेशीत आईचा वाटा आहे. तीन, मुलगा होण्याचं औषध देणाऱ्या भोंदूचं बोलणं निम्म्या वेळा खरं ठरणारच. औषध घ्यायची वेळ येते तेव्हा दिवस गेलेले असतात आणि दाणे उचलून झालेले असतात. तरी निम्म्या बाया त्याच्याकडे पेढे घेऊन जातात, आणि उरलेल्यांना तो म्हणतो, पथ्य पाळलं नाही.

मग दोष नवऱ्याचा का? मैत्रिणींनो, इथे सांभाळून चालायला हवं. तूर की हरभरा, हे बापाच्याही हातात नसतं. कोट्यवधी शुक्राणूंतला कोणता पोचेल, ते तो ठरवत नाही. निसर्गात तर नाना तऱ्हा आहेत. आपल्या परसातल्या कोंबडीत उलटं असतं. तिथे पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजावर ठरतं, कोंबड्याच्या नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवांत तर वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. म्हणून कुणी कोंबडीला घराबाहेर काढत नाही. बाईवरचा ठपका उचलून पुरुषावर ठेवला, तरी मुलगी होणं म्हणजे काहीतरी बिघडलं, हा समज तसाच राहतो. खरी गाठ तिथे आहे.

ही गाठ सुटली नाही, तर ज्ञानाचंही हत्यार होतं. १९५६ साली डेन्मार्कमध्ये डॉक्टरांनी गर्भजलातल्या पेशींवरून मुलगा की मुलगी हे ओळखून दाखवलं. ज्या घरांत मुलग्यांना रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार होतो, त्यांना या तपासणीची मदत झाली. आपल्याकडे मात्र पुढे याच तपासणीचा आणि नंतर सोनोग्राफीचा वापर धडधाकट मुली नाकारण्यासाठी झाला. मुंबईत स्त्री संघटनांनी याविरुद्ध मोहीम उभारली, आणि १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. १९९४ साली देशाचा कायदा झाला. २००३ पासून गर्भधारणेआधी मुलगा निवडण्याचे उपायही त्यात आले. या कायद्यात आपल्यासाठी एक महत्त्वाचं कलम आहे. अशी तपासणी झाली तर, उलट सिद्ध होईपर्यंत, गर्भवती बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला होता असंच न्यायालय धरून चालतं.

कायदा आहे, तरी आकडे बघा. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८९४. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नाव ठेवलेल्या दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. नाव बदललं हे चांगलं झालं. पण ज्या आईला लेकीचं नाव नकोशी ठेवू द्यावं लागलं, तिला त्या घरात काय काय ऐकावं लागलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. पुढच्या बैठकीला वाट्या आणि दाणे घेऊन बसा. सासवांना बोलवा, जावांना बोलवा, जमलं तर पुरुषांनाही बोलवा. कुणाला हरवायचं नाही, कुणाला लाजवायचं नाही. फक्त दाणे उचलायला सांगा आणि शेवटी विचारा, यात चूक कुणाची झाली? कुणाचीच नाही, असं उत्तर येईल. मग पुढचा प्रश्न विचारा. चूकच झाली नाही, तर शिक्षा कशाची? त्या प्रश्नावर बैठक जितका वेळ चालेल, तितका वेळ चालू द्या.