चित्रपुस्तके आणि आद्य रहिवासी कुटुंबांचा इतिहास : कुर्डुवाडीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

शालेय इतिहासात राजवटी, लढाया व चळवळी यांना जे स्थान मिळते, ते कुटुंबाला क्वचितच मिळते. वास्तविक लहान वयाच्या विद्यार्थ्याला भूतकाळ उमगतो तो घर, चूल, पाणी आणि प्रवास यांच्याद्वारे. अमेरिकेत नव्या मुलखात प्रथम वस्ती करणाऱ्या कुटुंबांचे जीवन शिकविण्यासाठी चित्रपुस्तकांचा वापर केला जातो. ही पद्धती कुर्डुवाडीसारख्या रेल्वेमुळे वाढलेल्या गावाच्या इतिहासासाठी कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चित्रपुस्तक हे इतिहासाची सजावट नसून चिकित्सेने वाचावयाचे साधन होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चित्रपुस्तकाचे सामर्थ्य व मर्यादा

डोनाल्ड हॉल यांनी लिहिलेले व बार्बरा कूनी यांनी चितारलेले 'ऑक्स-कार्ट मॅन' (१९७९) हे या प्रकारातील एक उत्तम उदाहरण आहे. वर्षभर घरातील प्रत्येकाने जे पिकविले, विणले वा घडविले, ते बैलगाडीत भरून शेतकरी बाजारास नेतो. कुटुंब ही एक उत्पादक संस्था होती, ही अर्थशास्त्रीय संकल्पना येथे व्याख्येविना मुलांपर्यंत पोहोचते.

तथापि दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' (१९३५) या सचित्र बालकादंबरीत मूळ निवासी राहत असलेला प्रदेश निर्मनुष्य असल्यासारखे वर्णन होते. एका वाचकाच्या आक्षेपानंतर १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'वसाहतकार' या अर्थाचा शब्द घालण्यात आला. एका शब्दाच्या या बदलातून 'प्रथम कोण आले' हा प्रश्न निरागस नसतो, हे स्पष्ट होते.

कुर्डुवाडीचा संदर्भ

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गावरील 'बार्शी रोड' हे स्थानक म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. बार्शीच्या कापसाच्या बाजारपेठेस या स्थानकाशी जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग उभारला. हा मार्ग १८९७ मध्ये, म्हणजे १८९६-९७ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झाला. पुढे तो एकीकडे पंढरपूर व मिरज, तर दुसरीकडे लातूरपर्यंत विस्तारला. कुर्डुवाडीस रेल्वेचा कारखाना उभा राहिला. १९५४ मध्ये हा लोहमार्ग शासनाने विकत घेतला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे रुंदमापीत रूपांतर झाले.

या इतिहासात कॅलथ्रॉपचे नाव नोंदले गेले. मात्र फिटर, खलाशी, पॉइंटमन आणि गँगमन यांच्या कुटुंबांचे दैनंदिन जीवन अधिकृत अहवालांत आढळत नाही. पाणी कोठून आणले जाई, पाळीच्या वेळेनुसार भाकऱ्या केव्हा थापल्या जात, घरातील स्त्रीचा दिवस केव्हा सुरू होई, या प्रश्नांची उत्तरे मौखिक स्मृतीतच शोधावी लागतात. अरुंदमापी गाडीवर काम केलेली पिढी वृद्ध होत असल्याने हे कार्य लांबणीवर टाकता येणार नाही.

तसेच 'ओसाड माळावर रेल्वेने गाव वसविले' हे विधानही तपासले पाहिजे. माढा तालुक्यातील या परिसरात ज्वारी पिकविणारी गावे, चराईच्या वाटा आणि पंढरीच्या वारीचे मार्ग होते. रेल्वेची कुटुंबे नव्या वस्तीची पहिली रहिवासी होती. या भूमीची नव्हेत.

अध्यापनाची दिशा

मराठीत चित्रांमधून कुटुंबजीवन उभे करणारी पुस्तके उपलब्ध आहेत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' हे त्याचे परिचित उदाहरण. अशा पुस्तकापासून आरंभ करून पुढील तीन टप्पे योजता येतील. प्रथम, विद्यार्थ्यांनी चित्रातील वस्तू, कामे आणि ती करणाऱ्या व्यक्ती यांची नोंद करावी. दुसऱ्या टप्प्यात तीच कामे आजी-आजोबांच्या काळी कोण व कशी करीत, हे विचारून जुनी छायाचित्रे, घरातील जाते, कंदील, रेल्वेचा पास अशा वस्तूंशी ताडून पाहावे. तिसऱ्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी स्वतःचे चित्रपुस्तक तयार करावे व प्रत्येक चित्राखाली माहिती कोणाकडून मिळाली ते नमूद करावे. 'या चित्रात कोण नाही?' हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारला जावा. रेल्वेच्या वसाहतीचे चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यास या प्रश्नामुळे वसाहतीबाहेरचा शेतकरी, हमाल व सफाई कामगारही दिसू लागतील.

समारोप

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान बाहेरील जीवनाशी जोडण्यावर भर दिला होता. त्या दृष्टीने महाविद्यालयांतील इतिहास विभाग व अध्यापक विद्यालये यांनी एकत्र येऊन मौखिक साधनांचे संकलन करावे आणि त्यांवर आधारित स्थानिक चित्रपुस्तके सिद्ध करावीत. इंजिन संग्रहालयात जतन करता येते. ते चालविणाऱ्याच्या घरातील पहाट मात्र कोणी सांगितली व कोणी चितारली, तरच उरेल.