झेब्रा मासा आणि गर्भविकासाची जनुके

झेब्रा मासा हा गोड्या पाण्यातील, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा, निळसर पट्ट्यांचा मासा. तो मूळचा भारतीय उपखंडातील. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. शोभेच्या टाकीतला हा मासा आज गर्भविकासाच्या आनुवंशिक अभ्यासातील एक प्रमुख प्राणी आहे.

त्याची अंडी मादीच्या शरीराबाहेर फलित होतात आणि भ्रूण पारदर्शक असतो. फलनानंतर पाऊण तासाने पेशीचे पहिले विभाजन होते; पुढे सुरुवातीची विभाजने दर १५ मिनिटांनी होतात. पहिले सुमारे तीन तास सारा कारभार मातेने अंड्यात साठवलेल्या आरएनए व प्रथिनांवर चालतो. त्यानंतर भ्रूणाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कार्यरत होतात. २४ तासांत डोके, डोळे व शेपटी ओळखता येतात आणि हृदयाचे ठोके सुरू होतात.

जनुकाचे काम बहुधा ते बिघडल्यावर कळते. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली या माशाच्या आनुवंशिक अभ्यासाचा पाया घातला. पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेत बोस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटांनी नरांना रसायन देऊन उत्परिवर्तने घडवली व तिसऱ्या पिढीतील भ्रूणांतील दोष तपासले. त्यांचे निष्कर्ष डिसेंबर १९९६मध्ये ‘डेव्हलपमेंट’ नियतकालिकाच्या विशेषांकात ३७ शोधनिबंधांद्वारे प्रसिद्ध झाले.

दोषावरून जनुकांना नावे मिळाली. ‘नो टेल’ बिघडले की शेपटी आणि कण्याचा आद्य आधार असलेला पृष्ठरज्जू तयार होत नाही. ‘वन-आइड पिनहेड’ बिघडले की ‘नोडल’ नावाचा रासायनिक संदेश पेशींना स्वीकारता येत नाही आणि भ्रूणाला मध्यभागी एकच डोळा येतो. मेंदूचे दोन अर्धगोल नीट विभागले न जाणे हा माणसातील गंभीर जन्मदोष काही वेळा याच संदेशमार्गातील बिघाडाशी निगडित असतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचानुसार माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे प्रतिरूप या माशात आढळते. त्यामुळे अर्भकातील एखाद्या अनोळखी जनुकदोषाचा परिणाम माशाच्या भ्रूणात काही दिवसांत पाहता येतो. मात्र माशांच्या पूर्वजात संपूर्ण जनुकसंच एकदा दुप्पट झाल्याने अनेक जनुकांच्या दोन प्रती आहेत; एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळू शकते. म्हणूनच माशात दोष न दिसणे हा जनुक निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही.